परसातून गेलेली तार

मोठ्या बाई उभ्यानं जेवायच्या. एका हातात ताट, दुसऱ्या हाताने घास, आणि पाय स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून स्वयंपाकघरात. कुणी भाजी वाढायला पुढे येईपर्यंत ताट मोरीत गेलेलं असे. अमरावतीच्या त्या मुलींच्या शाळेत मी शिवण आणि मराठी शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तुम्ही बसून जेवता?"

मी म्हटलं, "हो. माणसं बसूनच जेवतात."

"मग इथे तुम्हाला जड जाईल," त्या म्हणाल्या, आणि माझं उत्तर ऐकायला थांबल्या नाहीत.

नाव सिंधूबाई. मुख्याध्यापिका म्हणून 'मोठ्या बाई'; अंगाने मात्र चिमणीएवढ्या. पदवी विज्ञानाची, त्या काळात आमच्याकडे बाईमाणसाला दुर्मीळ. पदर कायम खोचलेला. फळ्यावर लिहिताना वाक्य अर्धं झालं की त्या पुढच्या वाक्याकडे वळायच्या, उरलेलं अर्धं मुलींनी आपापलं पुरं करायचं. कुणी काही सांगायला आलं की सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं. मग पुढे?" हे 'मग पुढे' त्यांनी लग्नघरात म्हटलेलं मी ऐकलंय आणि मयताला गेल्यावरही. लोक दुखावत. त्यांना ते कळत नसे, किंवा कळूनही त्या पुढे गेलेल्या असत.

शाळेमागच्या गल्लीत त्यांनी वसतिगृह काढलं होतं. भाड्याच्या चार खोल्या, एक विहीर, आणि गयाबाई नावाची स्वयंपाकीण. मुली चांदूर बाजार, दर्यापूर, अचलपूरकडच्या खेड्यांतल्या. काहींचे बाप काळ्या रानाचे धनी. काहींच्या घरांनी थोड्याच वर्षांपूर्वी बुद्धाचा धम्म घेतलेला, आणि घरात शाळेची पायरी चढलेली ती पहिलीच मुलगी. सगळ्या एका पंगतीत जेवायच्या. यावरून गावात कुजबुज होती. मोठ्या बाईंना कुजबुज ऐकू येत नसे. तिच्यासाठी थांबावं लागतं.

अडचण निराळीच निघाली. शिक्षणखात्याच्या तपासनीस बाई पाहणीला आल्या, खोल्या पाहिल्या, वरण चाखलं, चांगलं म्हणाल्या आणि विचारलं, "अधीक्षिका कोण?"

"मीच."

"राहता कुठे?"

मोठ्या बाईंनी गल्लीच्या टोकाकडे बोट केलं. त्यांचं घर त्याच रांगेत, मधे पाच घरं सोडून. घरात अंथरुणाला खिळलेली आई.

"नियम असा आहे," तपासनीस बाई शांतपणे म्हणाल्या, "की अधीक्षिकेने वसतिगृहात राहिलं पाहिजे. राहत नसेल तर मुलींना तिला केव्हाही, जागच्या जागी बोलावता आलं पाहिजे. रात्रीबेरात्री मुलगी गल्लीत धावत येईल, हे मी चालवून घेणार नाही. दिवाळीनंतर येते. तोवर सोय नसली तर मान्यता जाईल."

मान्यता गेली की अनुदान गेलं, अनुदान गेलं की मुली घरी. आणि आमच्याकडे घरी गेलेली मुलगी परत येत नसे, तिची लग्नपत्रिका येई. हे तपासनीस बाईंना सांगायची गरज नव्हती. त्याही वऱ्हाडातल्याच होत्या.

दुसरी अधीक्षिका नेमायला पैसे नव्हते; पैसे असते तरी त्या मुलींमध्ये येऊन राहील अशी पदवीधर बाई मिळत नव्हती. माझं शिक्षण नियमात बसत नव्हतं. आईलाच वसतिगृहात आणावं, तर त्या, आमच्या सगळ्यांच्या आजी, खाटेवरून म्हणाल्या, "या घरातून मला आता चौघंच नेतील. त्यांना वेळ असेल तेव्हा."

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग पुढे?"

पुढे टेलिफोन. सरकारी टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहणारे डॉक्टर आमच्या गावात होते. वसतिगृहाला कोण विचारतो. तेव्हा बाईंनी ठरवलं की एक्स्चेंजची भानगडच नको. आपलं घर आणि वसतिगृह, मधे सरळ तार. रस्ता ओलांडला की टेलिफोन खातं मधे येतं, म्हणून तार परसातून. त्यांनी हे मला शिवणाच्या तासाला येऊन सांगितलं आणि म्हणाल्या, "रविवारी अकोल्याला जायचंय. तुम्हीही चला, ओझं उचलायला कुणी हवं."

अकोल्याला एका बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीचं सामान भंगारवाल्याकडे आलं होतं. लोखंडाच्या ढिगात त्याच्याकडे दोन टेलिफोन निघाले. एक भिंतीवरचा, लाकडी पेटीचा, बाजूला हँडल असलेला. दुसरा टेबलावरचा, काळा कुळकुळीत, चकचकीत, पण त्याला ना हँडल ना काही.

भंगारवाले करीमचाचा मान हलवत म्हणाले, "बाई, दोन्ही घेऊन काय करसान? हा जिनमधला, थो साहेबाच्या बंगल्यावरचा. दोघायची जात अलग आहे. एका तारेवर नाई जमनार."

"चाचा," बाई पर्समधून पैसे काढत म्हणाल्या, "जात अलग म्हणून जमत नाही, हे मला नका सांगू. मी वसतिगृह चालवते."

चाचा हसले आणि किंमत उतरवली. पेटी मी उचलली. ती अजूनही माझ्या खांद्याला आठवते.

जमलं नाहीच. महिनाभर जमलं नाही. आम्ही दोन्ही यंत्रं शाळेच्या प्रयोगशाळेत समोरासमोर मांडून तारेने जोडली. हँडल फिरवलं की काळ्याची घंटा छान वाजायची. रिसीव्हर उचलला की मात्र विहिरीत बोलल्यासारखं, आणि काळ्यातून तर काहीच नाही. बाई पाठ्यपुस्तकं चाळत, वर्गात शिकवता शिकवता मधेच थांबत, खडू ठेवून प्रयोगशाळेत जात. शाळेची घंटा होऊन जायची आणि मुली फळ्यावरच्या अर्ध्या वाक्यापुढे बसून असायच्या.

शेवटी त्यांना उमगलं. कसं उमगलं ते त्यांनी दहावीच्या मुलींना जसं सांगितलं तसंच सांगते, कारण मलाही तेवढंच कळलंय. "लाकडी पेटी आपली शिदोरी घेऊन येते. तिच्या पोटात सेल आहेत. काळा आहे बंगल्यावरचा. त्याला दुसऱ्याच्या घरी जेवायची सवय. एक्स्चेंज तारेतून वीज पाठवणार, मग हा बोलणार. इथे एक्स्चेंज नाही, म्हणून हा उपाशी. याला तारेतच वाढायला हवं."

मग टॉर्चचे सेल एकापाठी एक लावून त्यांनी ते तारेच्या मधेच बसवले. सेल हलू नयेत म्हणून भूगोलाच्या फाटक्या नकाशाचं नळकांडं केलं. आणि काळा बोलायला लागला. मी दुसऱ्या खोलीत होते, माझ्या कानात मोठ्या बाईंचा आवाज आला, "ऐकू येतंय? बरं. मग पुढे?"

पुढे परसं.

पाच परसांची परवानगी लागणार होती. गुलाबरावांनी म्हशीच्या गोठ्यावरून तार न्यायला लगेच हो म्हटलं. म्हशी बुजल्या तर दुधाचे पैसे बाईंनी द्यायचे एवढीच अट. दोन घरं भाडेकरूंची, त्यांना कुणी कधी परवानगी मागितलीच नव्हती, त्यामुळे ते खूश. एका घराने विचारलं की या तारेवर आमचे जावई नागपूरहून बोलतील का. अडलं वकिलीणकाकूंकडे. त्यांचं परस सोवळ्याचं. न्हाणी, तुळस, वाळत घातलेली धुणी.

"तारेला माझी ना नाही सिंधू," काकू म्हणाल्या. "पण त्या पोरी बोलणार ना त्यातून? त्यांचं बोलणं माझ्या न्हाणीवरून जाणार. सोवळ्यातली लुगडी वाळत असतात तिथे."

मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं आता भडका. बाईंना भडकायलाही वेळ नव्हता. त्या म्हणाल्या, "काकू, तारेने वरून रबर नेसलंय. आतलं बाहेर येत नाही, बाहेरचं आत जात नाही. तुमच्यापेक्षा कडक सोवळं आहे तिचं."

काकूंनी तार बोटांनी चाचपून पाहिली. "रबर ना? चामडं नाही?"

"रबर."

"मग जाऊ दे. पण धुण्याच्या दोरीपेक्षा वर."

तार गेली. पुढच्याच आठवड्यात काकूंचं ओलं लुगडं तारेवर होतं, कारण धुण्याच्या दोरीपेक्षा तिथे ऊन जास्त.

घरी कोणता टेलिफोन आणि वसतिगृहात कोणता, याचा विचारही झाला नाही. हँडलचा लाकडी बाईंच्या घरी, काळा वसतिगृहात. मोठ्या बाई हँडल फिरवणार, मुली उचलणार. बोलावणारा मोठा, येणारा लहान; शाळेत असंच असतं. पहिल्या दिवशी आम्ही बाईंच्या घरून हँडल फिरवलं. पलीकडे गयाबाईने उचललं.

"कोन व्हय?"

"मी सिंधूबाई बोलते."

"मोठ्या बाई त घरी गेल्या," गयाबाई म्हणाली आणि ठेवून दिला.

त्यानंतर बाईंना ते हँडल म्हणजे नवं खेळणंच झालं, असं मी म्हणेन; त्या खेळणं म्हणाल्या नसत्या. "अभ्यास चाललाय?" "कंदिलाच्या काचा पुसल्या?" "कोण खोकतंय मघापासून?" फणी केसात तशीच ठेवून मुली फोनकडे धावायच्या. शेवंता नावाची चांदूर बाजारकडची एक मुलगी होती, मजुरी करणाऱ्या घरातली, तोंडाने फटकळ. ती मला म्हणाली, "बाई, आमच्या गावच्या पाटलाची बी एवढी हाक नाई येत जी."

मी बाईंना विचारलं, "आणि मुलींना तुम्हाला बोलवायचं असेल तर? काळ्याला हँडल नाही."

"त्यांनी रिसीव्हर उचलला की माझ्याकडे घंटेचा एक टोला पडतो. टिंग."

"एकच?"

"मला एक पुरतो. मी काय झोपलेली असते?"

ते खरं होतं. त्या झोपलेल्या नसायच्याच.

मग पोळा आला. ज्यांच्या घरी बैल होते त्या मुली सणाला गावी गेल्या. ज्यांच्या घरी बैल नव्हते त्या राहिल्या. शेवंता राहिली, आणि वसतिगृहातली सगळ्यांत लहान कमळ राहिली. पुढचं मी पाहिलेलं नाही. शेवंता आणि गयाबाईने सांगितलं तेच सांगते.

दुपारपासून कमळचं पोट दुखत होतं. पुरणाने दुखतंय म्हणून गयाबाईने ओवा दिला आणि बैल बघायला चौकात गेली. दिवेलागणीला कमळ गुडघे पोटाशी घेऊन लोळायला लागली, अंगात ताप फणफणला. शेवंताने रिसीव्हर उचलला. हुक दाबला, सोडला. दाबला, सोडला. बाईंच्या घरी दरवेळी एक टिंग पडत असणार. पण गल्लीतून बैलांची मिरवणूक चालली होती, डफडी वाजत होती, पोरं ओरडत होती. बाई माजघरात आईचं अंथरूण बदलत होत्या. त्यांना टिंग ऐकू आली नाही.

अंधार पडल्यावर मुलींनी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा बाईंचा स्वतःचा नियम. तो मोडायला शेवंता भीत होती. गल्लीत दारू प्यालेली माणसं नाचत होती, तिकडेही तिला जायचं नव्हतं. तिने काय केलं, तार जिकडे गेली तिकडे ती गेली. विहिरीवरून भिंतीवर, भिंतीवरून गुलाबरावाच्या गोठ्यात, पुढच्या परसात, आणि तिथून वकिलीणकाकूंच्या न्हाणीवर.

"कोण गं ती?" काकू कंदील घेऊन बाहेर.

"मी शेवंता. बोर्डिंगातली."

"अगं, खाली उतर! कुठे चढलीस! लुगडी आहेत तिथे!"

"काकू, आमची कमळी मरून राह्यली. मोठ्या बाईले फोन लागत नाई. तुमची ही भिंत उंच हाये, मले उतरता येत नाई व."

काकू आधी ओरडल्या, मग परसाच्या दाराला लावलेला मोठा अडसर काढून दार उघडलं आणि कंदील वर धरला. शेवंता बाईंच्या घराकडे पळाली. नंतर काकूंनी परसात पाणी शिंपडलं, लुगडी परत धुतली. दार उघडलं हेही खरं आणि पाणी शिंपडलं हेही खरं. मी दोन्ही सांगते आहे.

बाईंनी कमळला टांग्यात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. आंत्रपुच्छ फुटायच्या बेतात होतं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर माझ्याकडे आणायचं कारण उरलं नसतं. कमळ वाचली. पुढे तिने त्या व्रणाचा शाळेत फार रुबाब केला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या घरी गेले तेव्हा त्या भिंतीवरून लाकडी पेटी उतरवत होत्या. मला वाटलं त्या काही बोलतील. म्हणाल्या, "हे टोक धरा. हँडल तिकडे जाणार."

"मग तुम्ही मुलींना कसं बोलावणार?"

"मला कशाला बोलवायला हवं?" त्या म्हणाल्या. "स्क्रू खाली पडलाय, तुमच्या पायाशी."

चूक झाली असं त्यांनी मला किंवा कुणालाही सांगितल्याचं माझ्या माहितीत नाही. संध्याकाळपर्यंत काळा टेलिफोन त्यांच्या खाटेशी होता आणि पेटी वसतिगृहाच्या भिंतीवर. शेवंताला समोर उभं करून त्यांनी सांगितलं, "हँडल जोरात फिरवायचं. गरज असेल तेव्हाच. गरज आहे की नाही, हे तुम्ही ठरवायचं. चुकलं तरी चालेल."

त्यानंतरचे दिवस बाईंचे फार वाईट गेले. काळा टेलिफोन गप्प असायचा. त्या त्याच्या भोवती फिरायच्या. त्याला धूळ नसताना पुसायच्या. मुलींना बोलावता येत नाही म्हटल्यावर त्या स्वतःच जायला लागल्या. मीठ आहे का बघायला, विहिरीचा दोर बघायला, काही नसलं तर छत्री विसरली म्हणून. शेवटी गयाबाईनेच तोंड उघडलं. "बाई, फोन आमाले देला ना? मंग आता तुमीच काहून घंटा होऊन राह्यल्या?"

बाई परत फिरल्या. दोन दिवस गेल्या नाहीत. त्या दोन दिवसांत त्यांनी माझ्या शिवणाच्या वर्गातली सगळी यंत्रं उघडून तेल दिलं. त्यांतली दोन मग नीट चालेनात.

दिवाळीनंतर तपासनीस बाई आल्या. जाड, संथ बाई. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून पुढची चढायच्या. बरोबर त्यांचा शिपाई. आधी वसतिगृह पाहिलं, भिंतीवरची पेटी पाहिली, मग त्या बाईंच्या घरी आल्या. मी चहा करायला तिथे होते. खुर्चीत बसून त्यांनी पर्स चाचपली आणि शिपायाला म्हणाल्या, "चष्म्याचं घर तिकडे राहिलं वाटतं. घेऊन ये." शिपाई गेला.

"हं," त्या काळ्या टेलिफोनकडे पाहत म्हणाल्या. "लावा बघू वसतिगृहाला."

"लागत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बिघडलाय?"

"नाही. याला हँडल नाही. हँडल मुलींकडे. त्या मला बोलावू शकतात, मी त्यांना नाही."

तपासनीस बाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे सिंधूबाई, तुम्ही अधीक्षिका असून तुम्हाला मुलींना बोलावताच येत नाही?"

"तुम्ही म्हणाला होता, मुलींना अधीक्षिकेला बोलावता आलं पाहिजे."

"म्हटलं होतं. मग दाखवा. बोलावू दे त्यांना."

"गरज पडली की बोलावतील."

"आणि आता मी इथे बसले असताना गरज पडली नाही तर मी काय लिहू? मला संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला जायचंय."

मी बाईंच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "नुसता उचला ना. तिकडे टिंग होईल. शेवंता हुशार आहे, ओळखेल आणि फिरवेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "टिंगवर एक मुलगी मरत होती," त्या म्हणाल्या. "ती पद्धत मी मोडलीय. आज माझ्या सोयीसाठी वापरू?"

आणि त्या खुर्चीवर बसल्या. टेलिफोनकडे तोंड करून, हात मांडीवर. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. पायाचा अंगठा तेवढा फरशीवर आपटत होता. मग तोही त्यांनी दुसऱ्या पायाने दाबून धरला. तपासनीस बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. चहावर साय धरली. आतून आजींनी हाक मारली, "सिंधू, तुझी पावलं ऐकू येत नाहीत. बरं वाटत नाही का?"

"बरं आहे आई."

"मग बसलीस कशाला?"

मला वाटायला लागलं की आत्ता पळत जावं, मागच्या दाराने, आणि शेवंताच्या कानात सांगावं. मी दाराकडे वळलेही. बाई मान न वळवता म्हणाल्या, "तुम्ही इथेच थांबा."

तपासनीस बाईंनी पदर सारखा केला. "हा शिपाईपण कुठे मेला कोण जाणे," म्हणत त्या उठायला लागल्या, आणि घंटा वाजली.

चांगली कडाडून वाजली. बाईंनी रिसीव्हर उचलला. शेवंताचा आवाज एवढा मोठा की चुलीपाशी ऐकू येत होता.

"मोठ्या बाई, दारात एक बुवा आला. म्हन्ते मी तपासनीस बाईचा शिपाई हावो, चष्म्याचं घर पायजे. आमी आतून कडी लावली. गयाबाई उलथनं घेऊन उभी हाये. त्याले आत घेऊ का नाई?"

बाईंनी रिसीव्हर तपासनीस बाईंपुढे धरला.

"अगं मुली, तो माझाच माणूस आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. "दे त्याला."

"तुमी कोन?"

"मी तपासनीस."

"असान. पन मोठ्या बाईले द्या. त्या म्हन्तीन तवा कडी काढतो."

तपासनीस बाईंनी रिसीव्हर परत दिला. तोंडावर राग होता की हसू, हे मला तेव्हाही कळलं नाही. मोठ्या बाई फोनमध्ये म्हणाल्या, "दार उघडू नका. खिडकीतून द्या. आणि त्यांना 'बुवा' नाही म्हणायचं, 'भाऊ' म्हणायचं." आणि रिसीव्हर ठेवला, आणि उठल्या, आणि कपबशा गोळा करायला लागल्या, मी अजून चहा प्यायले नव्हते तरी.

"अधीक्षिकेला केव्हाही बोलावता येतं, असं लिहिते," तपासनीस बाई ओसरीच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या. "बाकी तुम्हाला कुणाला बोलावता येत नाही, त्याबद्दल नियमात काही नाही."

मान्यता राहिली.

संध्याकाळी बाई वसतिगृहात गेल्या आणि शेवंताला झापलं की मोठ्या माणसांशी असं बोलत नाहीत. शेवंता म्हणाली, "तुमीच त म्हटलं, चुकलं तरी चालते." यावर बाईंनी विहिरीचा दोर तपासला.

दोनेक वर्षांनी आजी गेल्या. तेरावं झाल्यावर बाई एक ट्रंक आणि वळकटी घेऊन वसतिगृहात राहायला आल्या. पुढे शेवंता पदवी घेऊन तिथेच अधीक्षिका झाली आणि बाईंना, मला वाटतं, काय करावं ते सुचेना. त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक वसतिगृह काढलं. तोवर माझं लग्न होऊन मी अकोल्याला जठारपेठेत आले होते. त्यांची पत्रं यायची, तीही अर्ध्या वाक्यांची.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बडनेऱ्याच्या स्टेशनवर. मी माहेरी निघाले होते, अमरावतीच्या गाडीची वाट बघत. समोर अकोल्याकडे जाणारी पॅसेंजर उभी होती आणि तिच्या एका डब्याच्या खिडक्या मुलींनी भरलेल्या. नर्सिंगच्या मुलाखतीला चालल्या होत्या म्हणे. ओळखीची त्यांतली एकही नव्हती. बाई खाली उतरून नळावर कळशी भरत होत्या. केस पांढरे झालेले, पदर खोचलेला तसाच. मी हाक मारली. त्यांनी मला पाहिलं, हात वर केला, तोंड उघडलं, आणि गाडीने शिट्टी दिली.

कळशी निम्मीच भरली होती. एखादी ती तिथेच सोडून पळाली असती. त्या कळशीसकट पळाल्या. मुली ओरडायला लागल्या, "बाई, या! बाई, हात द्या!" दारातून पाच-सहा हात बाहेर आले, कुणी दंड धरला, कुणी पदर.

"मला काय धरता!" त्या ओरडल्या. "आधी कळशी घ्या, सांडेल!"

कळशी आत गेली. डबा माझ्या समोरून पुढे गेला तेव्हा मोठ्या बाईंचा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा अजून फलाटावर धावत होता.